‘लाइफटाइम’ ऑइल, बंद पेटी आणि साडेपाच लाखांचं एस्टिमेट

गाडीचा मालक कोण? ज्याच्या नावावर आरसी बुक आहे तो, की ज्याच्या कॉम्प्युटरचं लॉगिन असल्याशिवाय तिचा गिअर नीट पडत नाही तो?

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. आधी साधे गिअरबॉक्स यायचे, आता ऑटोमॅटिकही येतात आणि आलेल्या प्रत्येक गाडीमागे तीच रडकथा असते. एक सांगतो. बाकीच्या तुम्हाला ओळखीच्याच वाटतील.

चंदगडकडची एक डबल कॅब पिकअप. २ लाख ८० हजार किलोमीटर चाललेली. मालक स्वतःच चालवतात. काजू भरायचा, तिलारी नाहीतर आंबोली घाट उतरून गोव्यात पोचवायचा, घर त्याच्यावर चालतं. गाडी ‘डी’मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग धाडकन झटका. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, ‘पी ०७००’ हा कोड आला आणि कागद हातात पडला: गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे, साडेपाच लाख. निम्मे पैसे आगाऊ. पार्ट यायला दीड-दोन महिने.

आता नीट ऐका. पी ०७०० हा कोड गिअरबॉक्स गेला असं सांगतच नाही. तो एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नोंद झालीय, तिकडे बघा. ताप आलाय म्हटल्यावर थेट ऑपरेशनची तारीख देणारा डॉक्टर तुम्ही खपवून घ्याल का? त्याआधी माझ्याकडे हाच कोड घेऊन दुसरी एक गाडी आली होती. तिच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये ऑइल झिरपलेलं निघालं. कनेक्टर आणि ऑइल बदललं, गाडी आजही पळतेय.

तपासणीचा एक क्रम असतो. आधी ऑइलची पातळी, तीही इंजिन चालू ठेवून, कंपनीने ठरवलेल्या तापमानाला. मग ऑइलचा रंग आणि वास. बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर. आतले बाकीचे कोड. गेज लावून ऑइलचं प्रेशर. मग खालचा चेंबर उघडायचा. मॅग्नेटवर करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल तर ती झीज नेहमीची; काळ्या खपल्या आणि धातूचे तुकडे असतील तर आत क्लच प्लेटा संपल्या. एवढं झाल्यावर ठरवायचं, एखादा सॉलेनॉइड बदलून भागेल, व्हॉल्व्ह बॉडी काढावी लागेल, की अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. हे सगळं एका दिवसाचं काम आहे.

चंदगडच्या गाडीचं आम्ही हे सगळं केलं. ऑइल काळंकुट्ट, जळका वास, चेंबरमध्ये खपल्याच खपल्या. गिअरबॉक्स गेलाच होता. म्हणजे सर्व्हिस सेंटरचा निष्कर्ष बरोबर निघाला. मग माझं भांडण कशाबद्दल?

पहिलं भांडण पुराव्याचं. त्यांनी ड्रेन प्लगसुद्धा उघडला नव्हता. न बघता सांगितलेलं खरं निघालं म्हणून त्याला निदान म्हणत नाहीत. साडेपाच लाख मागताना गिऱ्हाइकाला चेंबरमधला गाळ दाखवायची तसदी घेतली जात नाही, कारण विचारणारं कोणी नसतं.

दुसरं, गिअरबॉक्स गेला कशाने? २ लाख ८० हजार किलोमीटरमध्ये त्याचं ऑइल एकदाही बदललेलं नव्हतं. मालकांनी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा उत्तर मिळालं, “लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं.” कुणाचं लाइफटाइम हो? गाडीचं, की वॉरंटीचं? गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीचा सल्ला आहे की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की ऑइल बदला. माल भरून घाट चढणाऱ्या गाडीचं ऑइल तापतं आणि ऑइल जितकं तापेल तितकं लवकर मरतं. काही हजारांचं ऑइल वाचवून लाखांचा गिअरबॉक्स घालवायचा, आणि वर बिल गिऱ्हाइकालाच.

तिसरं भांडण सगळ्यात मोठं. आम्ही अपघातातल्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स मिळवला, उघडून तपासला, सील आणि टॉर्क कन्व्हर्टर नवीन टाकले. ऑइल कूलरही बदलला, कारण जुन्या गिअरबॉक्सचा गाळ कूलरमध्ये बसतो आणि नव्याचाही जीव घेतो. सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या आत. गिअरबॉक्स बसला. आता राहिलं गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या पेटीची ओळख करून देणं. तासाभराचं काम. त्यासाठी कंपनीचं लॉगिन लागतं, आणि ते मला पैसे मोजूनही मिळत नाही. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: “बाहेर बसवलेल्या गिअरबॉक्सला आम्ही हात लावत नाही.” काजूच्या ऐन हंगामात गाडी १९ दिवस माझ्या दारात उभी. शेवटी पुण्याहून मल्टिब्रँड स्कॅनरवाला आला तेव्हा ती हलली. त्या १९ दिवसांचे हप्ते कोण भरणार? बँक थांबते का?

हे सगळं सरकारला ठाऊक नाही असं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाही, असं आयोगाने म्हटलं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही बजावलं. पुढे दंडाचं प्रकरण अपिलात आणि कोर्टात लांबलं. २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही घेतलं. छान झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून ठरवलं की डीलरला मिळते ती तपासणीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही वाजवी दरात मिळाली पाहिजे. तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

कोणी म्हणेल, बाहेरचे मेकॅनिक गाड्या बिघडवतात. बिघडवतात की! टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला नसताना बोल्ट आवळून पंप फोडणारे मीही पाहिलेत. पण मॅन्युअल लपवून ठेवल्याने मेकॅनिक शहाणा होतो का? माहिती द्या, आयटीआयमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून शिकवा. चोरीची भीती असेल तर चावी-इमोबिलायझरचं लॉगिन नोंदणी केलेल्या मेकॅनिकलाच द्या. दार बंद ठेवलं की काम थांबत नाही, ते चोरट्या सॉफ्टवेअरवर होतं. ते जास्त धोक्याचं.

मागण्या तीनच. तपासणीचा लेखी अहवाल आणि फोटो दिल्याशिवाय असेंब्ली बदलायचं एस्टिमेट नको. प्रोग्रॅमिंगचं लॉगिन ठरावीक दरात बाहेरच्या गॅरेजला मिळावं. आणि ‘लाइफटाइम’ म्हणजे किती किलोमीटर, ते मॅन्युअलमध्ये आकड्यात छापा.

तोवर तुम्ही काय कराल? ऑइल ‘बदलायचं नसतं’ असं कोणी म्हणालं तर तेच जॉब कार्डवर लिहून, सही करून मागा. एस्टिमेट आलं की सगळे कोड आणि चेंबरचा फोटो मागा. जुना गिअरबॉक्स तुमचा आहे, तो सोडून येऊ नका. नाडले गेलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. “गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही” असं सांगून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो.

आज गिअरबॉक्स आहे, उद्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी असेल. तिचं कुलूप याहून मोठं आणि बिल याहून जड असणार. ज्यांच्याकडे असं न तपासता दिलेलं एस्टिमेट आहे त्यांनी नाव-नंबर झाकून फोटो खाली टाका आणि आपापल्या खासदारांना टॅग करा. ढीग झाला की मी स्वतः प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवतो.