दिव्यांच्या दालनांतील प्रेक्षक

चित्र भिंतीवर, प्रेक्षक चार हात दूर, आणि मध्यें "हात लावूं नये" अशी पाटी, ही कलादालनांतील जुनी व्यवस्था आतां पुष्कळ ठिकाणीं मोडली आहे. प्रकाश, रंग आणि ध्वनि यांनीं सबंध दालन भारून टाकावयाचें, प्रेक्षकाला त्यांत उभें करावयाचें, आणि त्याच्या हालचालीस दालनानें उत्तर द्यावयाचें, असा हा नवा प्रकार आहे. व्हॅन गॉगचीं चित्रें भिंतींवर व जमिनीवर खेळविणारा एक प्रकाशप्रयोग इ. स. २०२३ मध्यें मुंबईंतहि झाला. अशा ठिकाणीं मुलांना नेऊन आणलेले आमचे स्नेही "फार मौज वाटली" असें सांगतात. वडीलधारी मंडळी "ही कला कसली, ही तर जत्रेंतली रोषणाई" म्हणून नाक मुरडतात. या कलेची परीक्षा करावी तरी कशी, एवढाच प्रश्न आज आम्हीं विचारास घेतला आहे.

या प्रकाराचा एक मोठा पूर्वज म्हणजे ब्रुसेल्स येथील १९५८ च्या जागतिक प्रदर्शनांतील फिलिप्स कंपनीचा मंडप. चंडीगढच्या रचनेमुळें आपणांस परिचित असलेले ल कॉर्ब्युझिए यांजकडे तें काम होतें. मंडपाचा तंबूसारखा आकार त्यांचे सहकारी यानिस झेनाकिस यांनीं सिद्ध केला, आणि आंत वाजणारें आठ मिनिटांचें संगीत एडगार व्हारेझ यांनीं ध्वनिफितीवर रचलें. तीनशेंहून अधिक ध्वनिक्षेपकांतून नाद एका बाजूकडून दुसरीकडे धांवत असे आणि भिंतींवर रंग व चित्रें सरकत असत. प्रदर्शन संपल्यावर १९५९ सालीं तो मंडप पाडण्यांत आला. तेथें प्रेक्षक प्रकाशानें व नादानें वेढला गेला खरा. परंतु तो नसता तरी तीं आठ मिनिटें तशींच पार पडलीं असतीं.

लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयांत ऑक्टोबर २००३ पासून मार्च २००४ पर्यंत ओलाफुर एलियासन यांनीं मांडलेला सूर्य याच्या एक पाऊल पुढें गेला. हें संग्रहालय म्हणजे पूर्वीचें वीजघर. त्याचें यंत्रदालन सुमारें ३५ मीटर उंच. एका टोकास पिवळ्या दिव्यांचें अर्धवर्तुळ उभारून छताला आरसे लाविले होते. प्रतिबिंबामुळें अर्ध्याचा पूर्ण सूर्य होई. दिव्यांचा प्रकाश एकाच रंगाचा, त्यामुळें सारें जग पिवळें आणि काळें दिसे. हवेंत कृत्रिम धुकें सोडलेलें असे. वीस लाखांहून अधिक लोक तेथें आले, आणि पुष्कळांनीं एक विलक्षण गोष्ट केली: ते जमिनीवर उताणे पडले, वर आरशांत स्वतःस शोधूं लागले, एकमेकांना हातपाय जोडून आकृति काढूं लागले. शिवाय, एलियासन यांनीं आपली युक्ति लपविली नाहीं. सूर्याच्या पाठीमागें गेलें कीं दिवे आणि तारा उघड दिसत. जादूगार गुपित राखतो. या कलावंतानें प्रेक्षकाला बरोबरीचें मानिलें.

तिसरें उदाहरण आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. मेक्सिकोंत जन्मलेले राफाएल लोझानो-हेमर यांचें नाडीचें दालन प्रथम २००६ मध्यें त्या देशांतील प्वेब्ला शहरीं, आणि पुढील वर्षीं व्हेनिसच्या कलामहोत्सवांत मांडलें गेलें. काळोखांत तारेच्या साध्या दिव्यांच्या रांगा टांगलेल्या. दिवे जागेप्रमाणें शंभरापासून तीनशेंपर्यंत. एका बाजूस दोन मुठी. त्या हातीं धरल्या कीं यंत्र नाडी ओळखतें, आणि जवळचा दिवा तिच्या ठेक्यावर लुकलुकूं लागतो. मुठी सोडल्या कीं सारे दिवे क्षणभर विझतात. पुन्हां लागतात तेव्हां आपली नाडी पुढच्या दिव्यावर सरकलेली असते. नवा माणूस आला कीं आपण आणखी एक घर पुढें. असें होतां होतां शेवटच्या दिव्यावरील नाडी दालनांतून निघून जाते. 'माकारिओ' (१९६०) या मेक्सिकन चित्रपटांत प्रत्येक माणसाचें आयुष्य म्हणजे एक जळती मेणबत्ती, असें दृश्य आहे; त्यावरून ही कल्पना सुचल्याचें त्यांनीं सांगितलें आहे.

येथें जो आपला दिवा लावितो, तोच दुसऱ्या कोणाचा शेवटचा दिवा घालवितो. आजोबा, वडील आणि मुलगा ओळीनें उभे राहिले, तर तीन नाड्या शेजारीं शेजारीं तीन ठेक्यांवर चालतांना दिसतील, आणि आजोबांची सर्वांच्या आधीं कडेस पोहोंचेल. याचा अर्थ मुलाला कोणीं समजावून सांगावा लागणार नाहीं.

तेव्हां कसोटी ती हीच: आपण उठून गेल्यानें त्या दालनांत कांहीं उणें पडतें काय? पडत नसेल तर ती रोषणाई. रोषणाईंत गैर कांहीं नाहीं. मात्र तिला रोषणाईच म्हणावें. भिंतीएवढीं करून फिरविलेलीं व्हॅन गॉगचीं चित्रें आमच्या मतें या कसोटीस उतरत नाहींत. शिवाय मूळ चित्रांतील रंगाचा जाड थर तेथें सपाट होतो, तो तोटा वेगळाच. श्रोत्यांच्या टाळीवांचून कीर्तन रंगत नाहीं, हें ज्या समाजास ठाऊक आहे त्याला ही कसोटी परकी वाटूं नये.

मुलांना अशा ठिकाणीं अवश्य न्यावें. आंत गेल्याबरोबर छायाचित्रें घेण्याची घाई करूं नये. आधीं त्यांना हात पुढें करूं द्यावा. परततांना "तूं तेथें काय केलेंस?" एवढेंच विचारावें. "काय पाहिलेंस?" हा प्रश्न जुन्या चित्रांसाठीं राखून ठेवावा.