जन्मदाखल्याचा वाद

गिटार हाती असलेल्या आपल्या काही तरुणांना एक सोयीची सबब सापडली आहे. ‘हल्ली नवे काही सुचतच नाही’ अशी तक्रार सुरू झाली, की पाठोपाठ वाद रंगतो : पंक संगीत प्रथम जन्मले कोठे, न्यूयॉर्कमध्ये की लंडनमध्ये? वाद तास-दोन तास चालतो आणि गिटार कोपऱ्यात उभीच राहते. धर्मगुरूने या कर्कश संगीताविषयी लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु माझे भांडण त्या संगीताशी नसून या वादाशी आहे.

निव्वळ तारखाच पाहायच्या तर निकाल सोपा आहे. रामोन्स हा चौघांचा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या बॉवरी रस्त्यावरील सीबीजीबी या क्लबमध्ये ऑगस्ट १९७४ मध्ये वाजवू लागला. लंडनच्या सेक्स पिस्टल्सचा पहिला कार्यक्रम नोव्हेंबर १९७५ चा. तथापि पेरू देशातील लिमा शहरातले लोस साइकोस १९६५ मध्येच असा आरडाओरडा तबकडीवर उतरवून बसले होते, त्यांचे काय? जितके खोल खणावे तितके नवे आजोबा निघतात!

एका बाबतीत मात्र मी वाद घालणाऱ्यांच्या बाजूचा आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात डेथ नावाचा तीन कृष्णवर्णीय सख्ख्या भावांचा वाद्यवृंद होता. १९७५ मध्ये त्यांनी ध्वनिमुद्रण केले. एका बड्या कंपनीच्या प्रमुखाला त्यांचे हे नाव खटकले, त्यांनी ते बदलण्यास नकार दिला, आणि ती गाणी अल्बमरूपाने बाहेर यायला २००९ साल उजाडले. अशांना त्यांचे स्थान मिळवून देण्यासाठी कोणी कागदपत्रे उकरीत असेल, तर ते न्यायाचे काम आहे. आपल्या आवडत्या शहराला मुकुट चढवण्याची हौस ही निराळी गोष्ट.

खरा प्रश्न ‘कोण’ हा नाही, ‘कशातून’ हा आहे. सत्तरच्या दशकात रॉक संगीत फार थोर झाले होते. येस या वाद्यवृंदाच्या १९७२ च्या तबकडीची एक अख्खी बाजू एकाच रचनेने व्यापली, सुमारे १८ मिनिटे! रचना सुंदर आहे, हे मी नाकारीत नाही. पण ती ऐकून सामान्य घरातल्या पोराने काय समजावे? वर्षानुवर्षांचा रियाज आणि महागडी यंत्रे असल्याखेरीज इथे पाऊल ठेवू नये, असेच ना? रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्या तबकडीत अर्ध्या तासाच्या आत १४ गाणी आटोपली. कोंडी फुटली ती अधिक सुचल्यामुळे नव्हे. पुष्कळसे टाकून दिल्यामुळे.

मँचेस्टरचे उदाहरण याहून बोलके आहे. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोघांनी सेक्स पिस्टल्सना ऐकले आणि जून १९७६ मध्ये आपल्या गावी त्यांचा कार्यक्रम ठरवला. श्रोते मोजकेच आले. पण त्यांतल्या दोघांनी पुढे जॉय डिव्हिजन हा वाद्यवृंद उभारला. डिव्होटो-शेली यांच्या बझकॉक्सनी उसनवारीच्या ५०० पौंडांत चार गाण्यांची तबकडी काढली, जानेवारी १९७७ मध्ये. त्यांतले एक गाणे चक्क कंटाळ्यावरच आहे, आणि त्यातील गिटारचा एकल तुकडा दोनच स्वरांचा. तेच दोन स्वर, पुनःपुन्हा. ज्या साचलेपणाचे आपण रडगाणे गातो, तोच त्यांनी विषय केला, तेच स्वर केले! ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्याजवळ दोन स्वरही नाहीत काय?

यावर कोणी म्हणेल, तीन कॉर्ड्‌सचाही पुढे साचाच बनतो. बनतोच! रामोन्सनी १९९६ पर्यंत, दोन हजारांहून अधिक कार्यक्रमांत, बव्हंशी तोच बाज वाजवला. फाटके कपडे आणि टाचण्या दुकानांत विकत मिळू लागल्या. परंतु क्लॅशने १९७९ च्या अखेरीस ‘लंडन कॉलिंग’मध्ये रेगे, स्का, जॅझ असे सारे काही घरात घेतले. आणि मँचेस्टरात हे सारे आणणारा डिव्होटो? ती तबकडी निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत तो बझकॉक्समधून बाहेर पडला आणि त्याने मॅगझीन हा निराळ्याच वळणाचा वाद्यवृंद काढला. पंक कोणाचे, यावर लोक अजून भांडत आहेत. तो १९७७ मध्येच तेथून उठून गेला होता.