दोन नकाशे, दोन शून्ये आणि किनाऱ्यावरचा धंदा

नकाशांचा आमच्या धंद्याशी काय संबंध, असे पुष्कळ व्यापारी बांधव विचारतील. खाडीकाठी ज्यांची वखार आहे, मासळी सुकवण्याचे ओटे आहेत किंवा मचवे बांधण्याची जागा आहे, त्यांनी तरी असे विचारू नये.

जमिनीची उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. समुद्राच्या नकाशातली खोली मात्र मोठ्या ओहोटीच्या अगदी खालच्या पाण्यापासून मोजतात. तांडेलाला कमीत कमी पाणी किती मिळेल, हे कळायला हवे ना! मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. जमिनीचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो, समुद्राचा नौदलाच्या अखत्यारीतले राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढते. गंमत म्हणजे दोघांचीही मुख्य कार्यालये एकाच शहरात, डेहराडूनला, समुद्रापासून शेकडो कोस दूर आहेत.

जमिनीचा नकाशा किनाऱ्याशी थांबतो. समुद्राचा नकाशा पाणी उथळ झाले की विरळ होत जातो, कारण सर्वेक्षणाचे जहाज तेथे येऊ शकत नाही. मधली चिखलाची, भरती-ओहोटीची पट्टी कोणाच्याच नकाशात नीट येत नाही; आणि आमच्या कितीतरी बांधवांची रोजी नेमकी त्याच पट्टीत आहे.

शून्याचा घोळ किती महाग पडतो, याचा दाखला युरोपात आहे. लाउफेनबुर्ग येथे ऱ्हाईन नदीवर जर्मनी आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडून पूल बांधत होते. जर्मनीची उंची उत्तर समुद्रावरून मोजलेली, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरून. फरक २७ सेंटिमीटरचा, आणि तो इंजिनिअरांना माहीतही होता. पण हिशेबात तो उलट्या बाजूला धरला गेला. २००३ साली लक्षात आले की दोन टोकांत ५४ सेंटिमीटरचे अंतर पडते आहे! खतावणीत जमेची रक्कम नावे टाकली तर दुप्पट फरक येतो, हे आमच्या मुनीमजींना समजावून सांगायला नको.

हे दोन नकाशे जोडण्याचे काम एकट्या देशाचे नाही, कारण समुद्राला सरहद्दीचा दगड नसतो. समुद्राच्या नकाशांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९२१ पासून मोनाकोत आहे. संयुक्त राष्ट्रांनी नकाशा-माहितीच्या व्यवस्थेसाठी २०११ साली तज्ज्ञांची समिती स्थापली आणि पुढे समुद्री माहितीसाठी तिचा वेगळा कार्यगट झाला. या विषयाची जागतिक परिषद ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याकडे हैदराबादला भरली. उत्तर हिंदी महासागराच्या जलसर्वेक्षण आयोगावर तर भारत, पाकिस्तान आणि सौदी अरेबिया एकत्र बसतात. इतर ठिकाणी न जमणारी गोष्ट खडकांच्या आणि खोलीच्या बाबतीत जमते, ही समाधानाची बाब आहे.

पण या जोडणीचा फायदा आधी बंदरे आणि जहाज कंपन्या घेतील, हेही उघड आहे. लहान कारागिराचे काय? किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत जमिनीकडची अंतरे भरतीरेषेपासून मोजली जातात. खुल्या किनाऱ्यावरच्या ग्रामीण भागात वस्तीच्या घनतेप्रमाणे ५० किंवा २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई असते. रेषा नकाशावर दहा मीटर सरकली की एखाद्याची शेड नियमात बसते किंवा नियमाबाहेर जाते.

त्याच नियमांत असेही आहे की मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेट्या, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकवण्याच्या जागा गावपातळीच्या नकाशावर दाखवाव्यात. मचवे ओढून दुरुस्त करण्याची जागाही त्यातच धरावी, असे आमचे मत आहे. मसुदा नकाशा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा बहुतेक लोक वर्तमानपत्रातली नोटीस पाहतही नाहीत. आमच्या व्यापारी मंडळांनी दोन जाणकार माणसे या कामाला द्यावीत, सातबारा आणि मसुदा शेजारी ठेवून पाहावा, आणि आपला धक्का, आपले ओटे त्यात नसतील तर मुदतीत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.