‘यांच्याकडे मर्सिडीज कशी?’ : चाळीसगावचा टांगा आणि आपली जुनी गाडी

आपल्यातल्या कुणी नवी बुलेट घेतली की गावात एक प्रश्न फिरतो. मर्सिडीज घेतली की दोन फिरतात. पहिला जातवर्चस्ववाद्यांचा : यांच्याकडे एवढा पैसा आला कुठून? दुसरा आपल्याच चळवळीतला : एवढ्या पैशात एखादी अभ्यासिका उभी राहिली नसती का? आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मित्राने नुकतीच दहा वर्षे वापरलेली मर्सिडीज पुण्यात विकत घेतली आणि जालना जिल्ह्यातल्या आपल्या गावी नेली. दोन्ही प्रश्न चोवीस तासांच्या आत त्याच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडले. आमचे म्हणणे असे की दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडे चुकीच्या दिशेला आहेत. जो विचारायला हवा होता तो प्रश्न कुणीच विचारला नाही : गाडी नीट तपासून घेतलीस का, आणि आर.सी. कुणाच्या नावावर आहे?

पहिल्या प्रश्नाला फार वेळ देण्याची गरज नाही. तो प्रश्न मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातून थेट आलेला आहे. तिथे चांडाळाची संपत्ती म्हणून कुत्री आणि गाढवे नेमून दिली आहेत, अंगावर मेलेल्याचे कपडे आणि दागिने लोखंडाचे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळले गेले, पण गावच्या पारावर त्याच्या प्रती अजून तोंडपाठ आहेत. २०१८ साली गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात एका दलित तरुणाला मारले, त्याने घोडा पाळला होता आणि तो त्यावर बसत होता म्हणून. २०१५ साली आपल्या शिर्डीत मोबाइलच्या रिंगटोनवरून एक जीव गेला. वस्तू काय आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नसते, ती कुणाच्या हातात आहे एवढेच दिसते. गावातल्या बागायतदाराच्या पोराने ऊसबिलातून फॉर्च्युनर काढली तर पैसा कुठून आला असे कुणी विचारत नाही. आमचा मित्र बारा वर्षे नोकरी करतो, प्राप्तिकर भरतो. त्याने हिशेब द्यायचा तो आयकर खात्याला, पारावर बसलेल्यांना नव्हे.

दुसरा प्रश्न आपल्या माणसांचा आहे, म्हणून त्याच्याशी नीट वाद घालायला हवा. समाजशास्त्राच्या वर्गात थॉर्स्टन व्हेब्लेन शिकवतात. १८९९ च्या पुस्तकात त्याने दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली : ऐदी वर्ग गरजेसाठी खर्च करत नाही, दर्जा दाखवण्यासाठी करतो. आपले काही कार्यकर्ते हीच कल्पना उचलून आपल्याच पोरांवर रोखतात. व्हेब्लेनच्या डोळ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या खाऊन बसलेला वर्ग होता. ज्याच्या आजोबाला गावातून जाताना वहाण काढून हातात घ्यावी लागली, त्याच्या नातवाने चारचाकीत बसून त्याच रस्त्याने जाणे याला तोच शब्द लावायचा, तर ते समाजशास्त्र आम्हाला मान्य नाही.

आणि दारिद्र्याचे कौतुक हा आपला वारसाच नाही. धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, ही कसोटी बाबासाहेबांनी १९५० च्या लेखात बुद्धधम्माच्या भवितव्याविषयी लिहिताना स्पष्ट मांडली आहे. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली : कष्टाने, न्यायाने मिळवलेले असणे, ते उपभोगणे, कर्ज नसणे आणि वर्तन निर्दोष असणे. पहिली दोन वाचा. असण्यालाही सुख म्हटले आहे, उपभोगालाही. आपल्याकडे ही दोन गाळून थेट त्यागावर उडी मारायची सवय लागली आहे, ती कुठून आली याचा ज्याने त्याने विचार करावा. अभ्यासिकेबद्दल विचारायचेच असेल तर असे विचारा : उत्पन्नाचा विसावा भाग देतोस का? धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी मागितले ते एवढेच. हा मित्र गाडीच्या आधीही देत होता, आताही देतो. त्याला अभ्यासिकेचा टोमणा मारणाऱ्या दोघांच्या पावत्या आम्ही पाहिलेल्या नाहीत.

आता मुद्द्यावर येऊ.

वाहनाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध बाबासाहेबांइतका कुणी लिहून ठेवलेला नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत १९०१ सालचा प्रवास आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, खिशात भाड्याचे पैसे होते, बैलगाड्याही समोर उभ्या होत्या. जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे या अटीवर. ही गोष्ट आपल्या प्रत्येक व्याख्यानात येते.

त्याच टिपणांतला चाळीसगावचा प्रसंग मात्र आपण अर्धाच सांगतो. साल १९२९. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर, सरकारी समितीचे सभासद. धुळ्याहून परतताना चाळीसगावला वस्तीतल्या लोकांनी त्यांना आग्रहाने उतरवून घेतले. टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून हाकायला नकार दिला. साहेबांना वस्तीपर्यंत पायी न्यायचे हे लोकांना पटेना. मग टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसवला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. थोडे अंतर जातो न जातो तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, घोडा आणि टांगा खाली गेला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

टांगेवाल्याची जात सगळे सांगतात. बाबासाहेबांनी पुढे आपल्या लोकांविषयी जे लिहिले ते कुणी सांगत नाही. पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याच्या जिवाचा विचार मागे पडला, असा त्याचा आशय आहे. त्यांनी वस्तीला दोष देऊन झटकून टाकले नाही, पण नजरेआडही केले नाही.

हाच टांगा आज आमच्या पोरांनी शोरूममध्ये उभा केलेला आम्ही पाहतो. जुन्या आलिशान गाड्यांच्या दुकानात काचेचा दरवाजा उघडून आत गेले की आपला पहिल्या पिढीतला ग्राहक आखडतो. भाव करायला लाजतो. बॉनेट उघडून दाखवा म्हणायला लाजतो. कागद वाचायला वेळ मागायला लाजतो. त्याला वाटते, विचारले तर ‘यांनी कधी गाडी पाहिली नाही’ असे म्हणतील. समोरचा विक्रेता दर वाक्याला ‘सर’ म्हणतो आणि आपल्या माणसाला ते ‘सर’ इतके गोड लागते की तो सही करून मोकळा होतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या गाड्या आहेत ते गृहस्थ मात्र गुडघ्यावर बसून टायरची तारीख वाचतात, पाच हजारांसाठी अर्धा तास घासाघीस करतात आणि न घेता निघूनही जातात. न घेता निघून येण्याची हिंमत हे सांस्कृतिक भांडवल आहे. ते आपल्याकडे कमी आहे, आणि जातीने दिलेली लाज त्याच्या आड येते.

आमचा मित्रही पहिल्या गाडीवर लट्टू झाला होता. काळी, चकचकीत, मीटरवर अडुसष्ट हजार किलोमीटर. त्याच दिवशी टोकन देणार होता. आम्ही हट्टाने वस्तीतल्या गॅरेजवाल्या भाऊला सोबत नेले. भाऊने रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढला. तळाच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खोलगट भागात बोट फिरवले, बारीक गाळ हाताला लागला. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती. चासी नंबरावरून सर्व्हिसची नोंद मागितली तर दीड वर्षापूर्वीच एक लाख बारा हजारांची नोंद निघाली. अशा गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स ठासून भरलेले असते. पाणी लागलेले वायरिंग महिन्याने बोलते, आणि बोलायला लागले की थांबत नाही. विक्रेत्याचे ‘सर’ तिथेच संपले.

तथागतांनी कालामांना सांगितलेले आपण विहारात ऐकतो : ऐकीव म्हणून मानू नका, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ते फक्त देवाधर्मापुरते आहे असा कुणाचा समज असेल तर त्याने गाळाचे ते बोट पाहायला हवे होते.

दुसरी गाडी एका निवृत्त गृहस्थांकडून थेट मिळाली, साडेअकरा लाखांना. नवी मधल्या आकाराची एसयूव्ही याहून महाग पडते. चहा झाला, आडनाव विचारून झाले, मग ‘मूळ गाव कुठले’ आणि ‘गावात कुठे’ हेही झाले. मित्राने सरळ सांगितले, भीमनगर. गृहस्थ क्षणभर थांबले आणि मग सर्व्हिसची फाइल पुढे केली. फाइल चोख होती. तो क्षण आम्ही लक्षात ठेवला आहे, फाइलही.

पैशाबद्दल एकच सांगतो. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा साधारणतः जास्त असतो आणि दहा वर्षांच्या गाडीला बऱ्याच बँका कर्ज द्यायला नाखूष असतात. मग खाजगी फायनान्सवाला पुढे येतो. मित्राने दीड वर्ष थांबून पैसे साठवले आणि वर दीड लाख दुरुस्तीसाठी वेगळे ठेवले. गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट जुन्या भावात मिळत नाहीत, ते चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावात मिळतात. हे दीड लाख नसतील तर गाडी घेऊ नका, हे आम्ही स्पष्ट सांगतो. बुद्धांनी कर्ज नसण्याला वेगळे सुख म्हणून मोजले ते उगाच नाही.

आता आर.सी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, पैसे दिले, किल्ली मिळाली, की आपले लोक व्यवहार संपला समजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. जुने कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन नोंद उतरवावी लागते. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अपघाताची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याची. विकणारे याला घाबरतात. आपण आणखी एका कारणाने सावध राहायचे. नाकाबंदीत मर्सिडीज थांबते, चालवणारा सावळा, तिशीतला, आरशाला पंचशील ध्वज लटकलेला, आणि आर.सी.वर दुसऱ्याच कुणाचे आडनाव. पुढचा संवाद काय होईल हे आपल्याला शिकवायला नको. ज्या दिवशी गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशीची तारीख आणि वेळ लिहिलेला, दोघांच्या सह्यांचा कागद करा. त्या वेळेआधीची ई-चलाने त्याची, नंतरची तुमची.

मित्राने किल्ली मिळताच गावाकडे सुसाट निघायचा बेत केला होता. आम्ही अडवले. साडेतीन आठवड्यांनी आर.सी. त्याच्या नावावर झाली, तेव्हाच निघालो. पुणे-अहिल्यानगर रस्त्याने. पेरणे फाट्याला विजयस्तंभाला मानवंदना दिली, गाडीचा फोटो काढला नाही, माणसांचा काढला. पुढे संभाजीनगरच्या अलीकडे खरोखरच नाकाबंदी लागली. हवालदाराने गाडीकडे पाहिले, मित्राकडे पाहिले आणि विचारले, “गाडी कुणाची?” मित्राने डिजिलॉकर उघडून फोन पुढे केला. त्याने नाव वाचले, लायसन्सवरचे नाव वाचले, परत पहिले वाचले. “जा.”

गावात शिरताना बाहेरून वळसा घालणारा रस्ता आहे, वस्तीत तिकडूनही जाता येते. तो पाराच्याच रस्त्याने गेला, हॉर्न न वाजवता, दुसऱ्या गिअरमध्ये. “भाड्यानं आणली का रं?” असे एकाने विचारले. “नाय काका, इकत,” एवढेच उत्तर. घरासमोर माय ओवाळायला बाहेर आली. बापाने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चाकावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न केला, “ॲव्हरेज किती देती?” आजवर या गाडीबद्दल विचारलेला हा एकमेव शहाणा प्रश्न. उत्तर ऐकून त्यांनी तोंड वाकडे केले, तेही बरोबरच होते.

आमच्या वस्तीतले आणखी तिघे आता जुन्या गाड्या बघताहेत. एकाला दिल्लीहून स्वस्तात डिझेल ऑडी मिळतेय. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून त्या बाहेरच्या राज्यांत स्वस्त विकल्या जाऊ लागल्या. त्याला आम्ही सांगितले की फॉर्म २८ चे ना-हरकत, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नव्याने नोंदणी हे सगळे धरून बेरीज कर, मग स्वस्त म्हण. बेरीज अजून चालू आहे. येत्या रविवारी विहारात अभ्यासवर्गानंतर गॅरेजवाले भाऊ सीट बेल्ट ओढून काय बघायचे, स्टेपनी काढून कुठे बोट फिरवायचे हे मित्राच्या गाडीवर करून दाखवणार आहेत. घ्यायची नसली तरी या. मुलींनीही या, गाडी तपासणे हे काही पुरुषांचे वतन नाही.

जय भीम.