बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

बाईंनी 'सुट्टीत मी काय केले' यावर निबंध लिहायला सांगितला होता. आम्ही मोठ्या गटातल्या चौघांनी मिळून एकच मोटरसायकल सुरू केली, म्हणून निबंधही एकच लिहितो आहोत. त्यातून आमचं एक मत झालं आहे. पालकांनो, रागावू नका, पण इथे मिशिगनमध्ये तुम्ही वस्तू तपासत नाही, सरळ बदलता.

गाडी आमच्यातल्या एकीच्या बाबांची. नोव्हेंबरला शेडमध्ये जायची, एप्रिलला बाहेर यायची, आणि बटन दाबलं की नुसतं 'टक्'. दुकानात नेली की नवी बॅटरी. दोन वर्षांत दोन झाल्या. यंदा पुन्हा 'टक्' झालं आणि बाबांनी गाडी विकायला काढली. सांगलीला कॉलेजात असताना ते चेतक एका बाजूला कलती करून किक मारायचे आणि निघायचे. ही गोष्ट आम्हाला पाठ आहे. "हिला किकच नाही, करणार काय?" असं ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्या स्कूटरला सुरू व्हायला बॅटरी लागायचीच नाही; किक मारली की मॅग्नेटोतून प्लगला वीज मिळायची. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि आतला कॉम्प्युटर, दोघांनाही बॅटरी हवी. ती पार उतरली असेल तर धक्का मारूनही उपयोग नाही. (बॅटरी 'उतरते' हा शब्द आम्हाला त्याच दिवशी मिळाला. पुस्तकातल्या 'विद्युतघटा'पेक्षा खूप बरा.)

पण ती उतरली होती का? हे कोणी पाहिलंच नव्हतं. आम्ही साधा मल्टिमीटर आणला. बॅटरी 12.7 व्होल्ट, म्हणजे भरलेली. 12 च्या आसपास दिसली असती तर उतरलेली म्हटलं असतं. पण नुसत्या बसलेल्या बॅटरीवर विश्वास ठेवायचा नाही, जोर पडल्यावर ती काय करते ते बघायचं. एकाने बटन दाबलं, एकाने आकडा वाचला. खराब बॅटरी अशा वेळी 10 च्या खाली जाते. ही 11.8 वर उभी! 'टक्' वाजतं म्हणजे क्लच आणि स्टँडचे स्विच ठीक आहेत, नाहीतर रिले वाजलाच नसता. मग वीज अडते कुठे?

मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा बटन दाबलं. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले सात! म्हणजे स्टार्टरला मिळायचे त्यातले सात व्होल्ट अर्थच्या तारेतच खर्ची पडत होते. तारेचा इंजिनकडचा बोल्ट हिरवा पडला होता. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं, मग बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला, आणि निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडलं. दुसऱ्या दाबाला गाडी सुरू! रेस दिल्यावर 14.1 व्होल्ट, म्हणजे चार्जिंगही व्यवस्थित. लागली ती दीड तासाची मेहनत आणि एक पॉलिश पेपर.

आता दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे. त्याने तार बघायला हवी होती, हे खरंच. पण पहिली बॅटरी मात्र खरोखर मेली होती, आणि ती बाबांनी मारली. लेड-ॲसिडची बॅटरी महिनोन्‌महिने उतरलेली ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि मग ती नीट चार्ज होत नाही. थंडीत तर उतरलेली बॅटरी गोठून फुटूही शकते. हिवाळ्यात छोटा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवला असता तर ती वाचली असती. बाबांनी हे कबूल केलं आहे, आईसमोर.

"वेळ कुठे आहे?" असं काही पालक म्हणतील. दुकानाच्या तीन फेऱ्यांना तो होताच की. "ॲसिड असतं, मुलांनी हात लावायचा नाही," हे म्हणणं मात्र आम्हाला पटतं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी चालत नाही, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. मग तुम्ही शेजारी उभे राहा ना! गॅरेजमधून आम्हाला आत पाठवून दार लावून घेण्यापेक्षा ते बरं. एरवी तुमचीच तक्रार असते की मुलं आमच्याशी मराठीत बोलत नाहीत. त्या दीड तासात बाबा आणि आम्ही एक शब्द इंग्रजीत बोललो नाही, 'टर्मिनल' आणि 'रिले' सोडून.

गाडी आता विकायची नाही असं ठरलं आहे. मल्टिमीटर आमच्याकडे आहे. कोणाला हवा असेल त्यांनी रविवारी मधल्या सुट्टीत मागावा. परत देताना बंद करून द्या, त्यालाही बॅटरी असते.