सुरगाठ, निरगाठ आणि मोलाचा पहिला तास

वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघरी उन्हाळी शिबिरांचे आणि गडकिल्ल्यांच्या सहलींचे वेध लागतात. पालक हौसेने बाजारात जातात आणि पाठीवरची सॅक, नायलॉनची दोरी, छोटा तंबू, झालेच तर प्लॅस्टिकच्या डबीतली प्रथमोपचार पेटी असे सारे तयार सामान घेऊन येतात. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु आमचे मत थोडे निराळे आहे. या सामानापैकी निदान चार-पाच वस्तू मुलांनी घरीच, आपल्या हातांनी कराव्यात. त्यात पैसे वाचतील, पण तो लाभ दुय्यम आहे. वस्तू करताना हातांना जे वळण लागते, ते पुढे भलत्याच प्रसंगी कामास येते आणि कधी कधी माणसाचा जीवही वाचवते.

आरोग्याच्या सदरात हे शिवणकाम आणि बांबूकाम कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. अपघात दवाखान्याच्या दारात होत नाही. तो शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठावर, डोंगराच्या वाटेवर होतो. सर्पदंशाचेच पाहा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. यातील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले. डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंतचा पहिला तास शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात असतो. ते हात शिकलेले असले तर रोगी निम्मा वाचला म्हणावा.

जुन्या धोतराची पट्टी

पहिली वस्तू अगदी बिनखर्चाची. जुन्या सुती धोतराचा किंवा चादरीचा साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन कापावा आणि तो कर्णावर कापून दोन त्रिकोण करावेत. कडा दुमडून शिवाव्यात. झाली त्रिकोणी पट्टी. तिची झोळी करून मोडलेला हात गळ्यात अडकवता येतो, घडी घालून ती डोक्याच्या जखमेवर बांधता येते आणि उन्हात डोक्याला गुंडाळताही येते.

ही पट्टी बांधताना गाठ शिकावी लागते. डावे टोक उजव्यावर, मग उजवे टोक डाव्यावर, अशी बांधलेली गाठ सपाट बसते, सरकत नाही आणि सोडवताना त्रास देत नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूने फिरवली तर दिसायला तशीच गाठ होते, पण ती ओढ बसताच सरकते किंवा आवळून बसते. मुलाने ही गाठ पन्नास वेळा बांधावी, मग डोळे मिटून बांधावी. रात्री वीज नसताना उपयोगी पडते ती अशीच सवय.

सर्पदंशात हेच ज्ञान कामाला येते. आपल्याकडे दंशाच्या वर दोरी करकचून आवळण्याची जुनी रीत आहे. ती घातक आहे. तिने रक्तपुरवठा तुटतो आणि हात किंवा पाय गमावण्याची पाळी येते. जखम कापणे, चोखणे हेही वर्ज्य. रोग्याला धीर देऊन झोपवावे, अंगठ्या, जोडवी, पैंजण काढावेत, दंश झालेल्या हाताला किंवा पायाला बांबूच्या कामट्या कापडात गुंडाळून आधाराला लावाव्यात आणि रुंद पट्ट्यांनी सैलसर बांधावे. पट्टीखालून एक बोट सहज गेले पाहिजे. मग मांत्रिकाकडे न नेता तडक रुग्णालय गाठावे, कारण विषावर उतारा तेथील लशीचाच. घट्ट आणि सैल यांतला हा फरक वाचून कळत नाही, बांधून पाहिल्यावरच बोटांना कळतो.

खांद्यावरची पिशवी

दुसरी वस्तू म्हणजे जाड कापडाची पिशवी. जुनी जीनची पँट, गादीपाटाचे कापड, काहीही चालेल. सुई-दोऱ्याने मुलाने ती स्वतः शिवावी. प्रथम तो सोपा म्हणून धावदोरा घालेल. पिशवीत दोन किलो वजन भरून फिरला की बंदाजवळची शिवण उसवेल. मग प्रत्येक टाक्याला थोडे मागे येऊन घातलेली शिवण का टिकते आणि बंद जोडताना चौकोन शिवून त्यात फुली का मारतात, हे त्याला कोणी न सांगता उमगेल.

याहून मोठा धडा बंदाच्या रुंदीचा आहे. अरुंद बंद खांद्यात रुततो, रुंद बंद तेच वजन जास्त जागेवर पसरवतो. जखमेवर सुतळी बांधली तर मांस कापते, रुंद पट्टी कापत नाही, त्यामागचे तत्त्व हेच. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे सरकारी धोरण सांगते. स्वतः पिशवी शिवलेला मुलगा दप्तराचे बंद वर ओढून घेईल, जड पुस्तके पाठीलगत ठेवील. पाठदुखीवरचा हा उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही.

दोन बांबू आणि एक घोंगडी

तिसरी वस्तू झोळीची. सुमारे सात फूट लांबीचे दोन भक्कम बांबू घ्यावेत. जमिनीवर घोंगडी किंवा जाड चादर पसरावी. एका बाजूने तिसऱ्या हिश्शावर पहिला बांबू ठेवून तो भाग त्यावर दुमडावा. दुमडलेल्या भागावर, कडेपासून वीतभर आत, दुसरा बांबू ठेवावा आणि उरलेली घोंगडी त्यावरून आत दुमडावी. शिवण नको, खिळा नको. माणूस निजला की त्याच्याच भाराने कापड घट्ट बसते. घोंगडी नसेल तर गोणपाटाची दोन-तीन पोती घेऊन त्यांचे तळाचे कोपरे कापावेत आणि त्यांतून बांबू ओवावेत.

ही झोळी केल्यावर आधी घरातल्या धडधाकट माणसाला त्यात निजवून, जमिनीपासून फक्त वीतभर उचलून पाहावे. चार जणांनी एकदम, एकाच्या हुकुमावर उचलायचे. उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकायचे. सपाटीला रोग्याचे पाय पुढे ठेवायचे, म्हणजे मागच्याला त्याचा चेहरा दिसत राहतो. मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार लागल्याची शंका असेल आणि जागी धोका नसेल, तर मात्र जाणकार माणूस येईपर्यंत रोग्याला हलवू नये.

सातपुड्यातल्या आणि सह्याद्रीतल्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीतून मैलोगणती उतरवून आणल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. हे कौतुकाचे नाही, लाजिरवाणे आहे. तेथे रस्ता व्हायला हवा आणि तो मागत राहणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु रस्ता होईपर्यंत झोळी नीट बांधलेली असणे हेही तितकेच गरजेचे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदत पायी चढूनच गेली आणि त्यात डोंगर चढणारी तरुण मंडळीही होती. सुट्टीच्या छंदाचा असा उपयोग होतो.

पाण्याचे गाळणे

चौथी वस्तू पाहून आजीबाई हसतील, कारण ती त्यांचीच आहे. जुन्या सुती साडीचे फडके तीन वेळा दुमडून आठ पदर करावेत आणि हंड्याच्या तोंडावर बसवण्यासाठी त्याला नाडी ओवावी. बांगलादेशातील मतलब भागात शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ खेड्यांत याचा अभ्यास केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. अशा साडीने पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी कमी झाले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, ते किडे या पदरांत अडकतात. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी नव्यापेक्षा चांगली, कारण तिचे धागे विस्कटून छिद्रे लहान झालेली असतात.

मात्र गाळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असे समजू नये. मोकळे फिरणारे जंतू कापडातून पार होतात. म्हणून गाळल्यावर पाणी खळखळून उकळावे किंवा त्यात जंतुनाशक औषध सांगितलेल्या मापाने घालावे. फडके दरवेळी धुऊन उन्हात वाळवावे. सहलीत कोणाला जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. हे मापही मुलांनी घरी एकदा स्वतः करून चाखून पाहावे.

ताडपत्रीची सावली

पाचवी वस्तू म्हणजे ताडपत्रीचा किंवा जुन्या चादरीचा आडोसा. चारही कोपऱ्यांत गोटा गुंडाळून त्याभोवती दोरी आवळली की कापड न फाडता दोरी अडकते. खुंटीला बांधताना येथे सुरगाठ हवी, एक टोक ओढताच सुटणारी. वादळ आले तर आडोसा क्षणात उतरवता आला पाहिजे. जेथे भार कायम पेलायचा तेथे निरगाठ, जेथे झटकन सोडायचे तेथे सुरगाठ. गुरे राखणाऱ्याला हे पाठ असते. गाईच्या गळ्यात तो कधी सरकता फास घालत नाही, कारण ओढीने तिचा गळा आवळेल. बुडत्या माणसाला दोरी टाकताना छातीभोवतीचा फासही असाच न सरकणारा लागतो. गाठ तीच, जीव मात्र वेगळा.

उन्हाने कोणी चक्कर येऊन पडला तर प्रथम लागते ती सावली, मग अंगावर पाणी आणि वारा. माळरानावर झाड नसते, तेथे दहा मिनिटांत सावली उभी करणारा मुलगा मोठे काम करून जातो. विजा चमकत असताना मात्र हा आडोसा झाडाखाली बांधू नये, आणि पक्के घर जवळ असेल तर तेथेच जावे.

काही शंका

‘आता १०८ क्रमांकावर फोन केला की गाडी येते, हे सारे कशाला?’ असे काहीजण म्हणतील. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे आणि ती अवश्य बोलवावीच. पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते, उसाच्या फडात येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आधी खणलेली बरी.

‘मुलांच्या हाती कोयता-चाकू द्यायचा?’ ही दुसरी शंका रास्त आहे. लहान मुलांनी मोठ्यांच्या देखत, बसून काम करावे. पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे आणि हाताच्या टप्प्यात दुसरे कोणी नसावे. चिरलेल्या बांबूची धार पात्यासारखी असते, ती घासून घ्यावी. धनुर्वाताची लस राष्ट्रीय कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी दिली जाते. ती राहिली असेल तर आधी घ्यावी. बोट थोडे कापण्याच्या भीतीने हातच आंधळे ठेवणे शहाणपणाचे नाही.

तिसरी तक्रार वेळेची. अभ्यासातून सवड कुठे? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू करून हाताने काम करीत विज्ञान शिकता येते हे दाखवून दिले. तरीही कित्येक शाळांत कार्यानुभवाचा तास हा गणिताच्या जादा तासासाठी उसना देण्याचा तास झाला आहे. आम्ही मुख्याध्यापकांना विनंती करू की आठवड्यातला तो एक तास परत द्यावा आणि वर्षातून एकदा गावातल्या बुरुडाला, शिंप्याला, गुराख्याला वर्गात बोलवावे. आरोग्य केंद्रातील परिचारिकेनेही त्या दिवशी यावे, म्हणजे गाठ आणि पट्टी यांची गाठ पडेल.

वाचकहो, या रविवारी मोठी खरेदी करू नका. एक जुने धोतर, एक जुनी साडी, दोन पोती आणि थोडी सुतळी अंगणात मांडा आणि घरातल्या मुला-मुलींना, हो, मुलींनाही, कामाला लावा. पहिली पिशवी वेडीवाकडी होईल, पहिली झोळी कदाचित निसटेल. अंगणात निसटली तर हसून पुन्हा बांधता येते. डोंगराच्या वाटेवर ती संधी मिळत नाही.