वाहता कान आणि दोन भिंगे

3 मार्च हा जागतिक श्रवण दिन. सिंधुदुर्गातल्या रेडीत या दिवसांत लोकांच्या डोक्यात काजू असतो, आंब्याचा मोहोर टिकला की गळला याची काळजी असते, शिमगा असतो. वाहत्या कानाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. लहानपणी सर्दीत कान ठणकला, रात्री फुटला, सकाळी उशीवर डाग दिसला. घरात लसणीची पाकळी घालून कढवलेले खोबरेल तेल होतेच. ते घातले, ठणका थांबला, विषय मिटला. खरे तर ठणका थांबतो तो पडदा फाटून आतल्या पुवाला वाट मिळाली म्हणून. तेलाला उगाच श्रेय जाते.

असे भोक बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरते. पण पुन्हा सर्दी, पुन्हा तळ्यात बुड्या, पुन्हा तेल, असे चालले की ते कायमचे होते. मग दर पावसाळ्यात कान वाहतो, कमी ऐकू येते आणि मास्तर सांगतात, पोराचे वर्गात लक्ष नाही.

पडदा जेमतेम 9 मिलिमीटर रुंद, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. तो शिवता येत नाही. कानाच्या वरच्या स्नायूवरचे पातळ आवरण किंवा कानाच्या पुढच्या कूर्चेचा तुकडा घेऊन भोकाला आतून ठिगळ लावतात आणि त्याच्या आधाराने नवी त्वचा वाढते. जर्मनीत वुलस्टाइन आणि झ्योलनर यांनी 1950च्या दशकात ही शस्त्रक्रिया रुळवली. 1953मध्ये झाइसचा शस्त्रक्रियेसाठीचा मायक्रोस्कोप आला आणि पुढच्या अनेक पिढ्यांचे कानाचे डॉक्टर त्याच्याच भिंगाखाली शिकले.

मायक्रोस्कोप जणू दाराबाहेर उभा राहून खोलीत पाहतो. कानाची नळी वाकडी, तिची पुढची भिंत फुगीर, त्यामुळे भोकाची पुढची कड अनेकदा दिसतच नाही. मग कानामागे छेद घ्यायचा, कान पुढे ओढायचा, प्रसंगी हाड घासायचे. दुर्बीण (एंडोस्कोप) मात्र उंबरठा ओलांडून आत जाते. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या कांड्यांची रचना शोधली, त्यातून तीन-चार मिलिमीटर जाडीची नळी शक्य झाली. दुबईतल्या डॉ. मुआज ताराबिशी यांनी 1990च्या दशकात तिच्या साहाय्याने कानाच्या शस्त्रक्रिया करून दाखवल्या. अख्खा पडदा एकदम मॉनिटरवर दिसतो आणि कानामागचा छेद बहुधा टळतो.

पण दुर्बीण एक हात अडकवते. मायक्रोस्कोपखाली एका हाताने रक्त ओढत दुसऱ्याने काम करता येते. इथे रक्ताचा थेंब भिंगावर आला की काम थांबले. चित्र सपाट, खोली अंदाजाने ओळखायची. दिव्याची उष्णता नाजूक कानाला बाधू नये म्हणून दुर्बीण वरचेवर बाहेर काढायची.

दोन्ही पद्धतींची तुलना भारतातही पुष्कळ झाली आहे. ठिगळ धरण्यात आणि ऐकू येण्यातल्या सुधारणेत दोन्ही जवळपास बरोबरीच्या ठरतात. दुर्बिणीत दुखणे कमी, कानामागे व्रण बहुधा नाही, वेळही बऱ्याचदा कमी. तेव्हा ‘दुर्बिणीने करतो’ ही पाटी पाहून कोणी भुलू नये आणि मायक्रोस्कोपवाल्या डॉक्टरला जुनाट ठरवू नये. डॉक्टरचा हात कशावर बसला आहे, हे विचारावे.

रेडीसाठी मात्र हिशेब थोडा निराळा आहे. मायक्रोस्कोप महाग आणि बोजड. दुर्बीण पेटीतून नेता येते, आणि नाकाच्या तपासणीसाठी ती कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे बहुधा असतेच. वेंगुर्ला किंवा सावंतवाडीच्या रुग्णालयात ठरावीक दिवशी हे काम होणे अशक्य नाही. अट एवढीच की भूलतज्ज्ञ, निर्जंतुकीकरण आणि एका हाताने काम शिकलेला सर्जन हवा. हाड कुरतडणारा रोग असेल तर ड्रिल लागते आणि मायक्रोस्कोपही. असा मायक्रोस्कोप ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वापरात असायला हवा, कारण तेरेखोल नदीपलीकडचा, गोव्याचा आधार गृहीत धरता येत नाही. 2018मध्ये गोव्याने बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते.

आणि एक. रेडीच्या लोहखनिज खाणींच्या यंत्रांवर वर्षे काढलेल्या माणसाला कमी ऐकू येत असेल तर पडदा शाबूत असूनही आतल्या कानाच्या पेशी गेलेल्या असू शकतात. तिथे कुठलेच ठिगळ उपयोगाचे नाही. म्हणून आधी ऐकण्याची चाचणी आणि शस्त्रक्रियेनंतरही चाचणी. कानाच्या शिबिरांत ही चाचणीच नेमकी राहून जाते.

शिबिरांच्या तारखाही इथल्या वर्षाला धरून ठरवाव्यात. शक्यतो कान कोरडा असताना ठिगळ लावावे आणि नंतरचे काही आठवडे कानात पाणी जाता कामा नये. तपासणी आत्ताच, मार्चमध्ये झाली तर मुलांची शस्त्रक्रिया परीक्षा संपताच एप्रिलमध्ये होईल आणि मृगाआधी पडदा बऱ्यापैकी धरेल. मच्छीमाराला एप्रिल-मेमध्ये सुट्टी नाही. त्याची यांत्रिक होडी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला असते. पाऊस असला तरी तो तेव्हा समुद्रात नसतो. त्याच्यासाठी जूनचा पहिला आठवडा राखून ठेवावा.